यवनांच्या देशातील कॉफी

मिलिंद राजा आपल्याला परका नाही. भदंत नागसेनांना प्रश्नांवर प्रश्न विचारणारा हा राजा यवन, म्हणजे ग्रीक होता. नागसेनवनातील महाविद्यालयाला बाबासाहेबांनी त्याचेच नाव दिले. कार्ल्याच्या चैत्यात खांब दान करणाऱ्या यवनांचे लेखही आहेत. अशा या लोकांच्या देशात पाहुण्यापुढे काय ठेवतात?

दारूचे नाव आधी निघते, म्हणून तिचे आधी उरकू. बडीशेपेसारख्या वासाची 'उझो' पाणी घालताच दुधासारखी पांढरी होते. ऑलिव्ह, चीज, मासळी खात ती हळूहळू पितात. प्राचीन ग्रीक लोक वाइनमध्ये पाणी मिसळत. न मिसळता पिणे त्यांना रानटीपणा वाटे. ठीक आहे; पण आपल्या पाचव्या शीलात पाणी घालून पळवाट निघत नाही!

खरी रोजची सोबत कॉफीची. 'ब्रिकी' नावाच्या लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात पाणी, पिठासारखी बारीक कॉफी आणि साखर एकदमच घालतात. साखर मागाहून ढवळत नाहीत, म्हणून आधीच सांगायचे: बिनसाखरेची 'स्केतो', मध्यम 'मेत्रिओ', गोड 'ग्लिको'. मंद आचेवर फेस वर आला, की उतू जाण्याआधी उतरवायची. गाळत नाहीत. गाळ खाली बसेपर्यंत थांबायचे आणि तो तळाशीच सोडायचा. काही बायका त्या गाळात भविष्य पाहतात. बुवाबाजीला देशाची सीमा नसते, एवढेच म्हणायचे. हिलाच पूर्वी सर्रास 'तुर्की कॉफी' म्हणत. १९७४ साली तुर्कस्तानने सायप्रसवर सैन्य घातले आणि कॉफीचे नाव 'ग्रीक' झाले.

कॉफीबरोबर गार पाण्याचा पेला न मागता येतो. हॉटेलाबाहेर वेगळ्या ठेवलेल्या कपात चहा प्यायलेली माणसे आपल्या घरांत होती. त्यांच्या नातवंडांना या पेल्याचे मोल निराळे सांगायला नको.

मात्र गावच्या 'काफेनिओ'त, म्हणजे कॉफीघरात, पिढ्यानपिढ्या पुरुषच बसत. एका कपावर तासन्‌तास पट खेळायचे, राजकारण बोलायचे. बायकांची कॉफी घरात, कामे आटोपल्यावर. हे चित्र आता बरेच बदलले आहे. १९५७ साली थेसालोनिकीच्या प्रदर्शनात जन्मलेली फेसाळ थंड 'फ्रापे' तरुण-तरुणी एकत्र बसून पितात.

थंडीत सर्दी-खोकला झाला, की डोंगरउतारावरच्या एका रानवनस्पतीच्या वाळक्या काड्या फुलांसकट उकळतात आणि मध घालून पितात. त्याला 'डोंगरी चहा' म्हणतात. आपल्या गवती चहाची आठवण यावी असाच हा घरगुती प्रकार.