पैशाची उठाठेव (भाग ९) : सूट कोण कोणाला देतं?

आषाढ लागला की दादरला, ठाण्याला, पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर साड्यांच्या दुकानांवर ‘सेल’चे फलक झळकतात. लग्नसराई उरकलेली असते, एकादशीपासून चातुर्मास लागतो आणि गणपती-दसऱ्याचा नवा माल भरायला दुकानदाराला कपाटं मोकळी हवी असतात. घडीत पडून राहिलेल्या साडीत त्याचं भांडवल अडकतं, कर्जावरचं व्याज मात्र थांबत नाही. म्हणून तो किंमत उतरवतो आणि पैसा लवकर मोकळा करून घेतो.

फलकावरचा हिशेब मात्र नीट वाचावा लागतो. ‘५० + २० टक्के सूट’ म्हणजे ७० टक्के नव्हे. ३,००० रुपयांची साडी आधी १,५०० वर येते, मग त्या १,५०० चे २० टक्के, म्हणजे ३०० रुपये कमी होतात. हातात बिल येतं १,२०० चं. एकूण सूट ६० टक्के. ‘दोन घ्या, एक मोफत’ ही तर जेमतेम ३३ टक्क्यांची सूट, तीही तिन्ही वस्तू हव्या असतील तर. शिवाय सूट मोजायची कुठून? पाकिटावरची एमआरपी ही कायद्याने वरची मर्यादा आहे. ती किती छापायची, हे बहुतेक मालाच्या बाबतीत उत्पादकच ठरवतो. आकडा चढा छापला, की सूटही घसघशीत दिसते.

घाऊक बाजारात सूट उघडउघड दिवसांवर मोजतात. कापडाचे व्यापारी तिला ‘सीडी’ म्हणतात, म्हणजे कॅश डिस्काउंट. समजा, बिलाची मुदत ३० दिवसांची आहे आणि दहा दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सीडी. ती सोडणारा माणूस ९८ रुपये आणखी २० दिवस वापरण्यासाठी २ रुपये मोजतो. वर्षाच्या हिशेबाने हे व्याज ३७ टक्क्यांच्या घरात जातं! बँकेचं कर्ज काढून सीडी घेतली, तरी ते स्वस्त पडतं. पुणे महापालिकाही आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच मिळकतकर भरणाऱ्यांना सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत देत आली आहे. तिजोरीत पैसा लवकर यावा, एवढाच तिचा हेतू.

बिल वटवणं हा याच हिशेबाचा पुढचा टप्पा. चाकणच्या एखाद्या लघुउद्योजकाने मोठ्या कंपनीला ५ लाखांचे सुटे भाग पुरवले आणि पैसे मिळणार ४५ दिवसांनी. कामगारांचा पगार तोवर थांबत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये अशा बिलांसाठी ‘ट्रेड्स’ या ऑनलाइन व्यवस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आखली. तिथे कंपनीने मान्य केलेल्या बिलावर बँका बोली लावतात. वार्षिक ९ टक्के दराने वटवलं तर सुमारे ५,५४८ रुपये कापून उरलेले ४,९४,४५२ उद्योजकाच्या खात्यात येतात. पुढे कंपनीने पैसे थकवले, तरी बँक उद्योजकाकडे वसुलीला येत नाही.

सरकारही असंच उसनं घेतं. ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलांवर व्याज म्हणून काहीच मिळत नाही. १०० रुपयांचं बिल कमी किमतीला विकलं जातं आणि मुदत संपली की पूर्ण १०० परत मिळतात. ९१ दिवसांचं बिल ९८ रुपये ५० पैशांना पडलं, तर दीड रुपयाची ती सूट वर्षाला सुमारे ६.१ टक्के परतावा देते. २०२१ पासून ‘रिटेल डायरेक्ट’ योजनेतून सामान्य माणूसही ही बिलं थेट घेऊ शकतो.

आता मोबाइलच्या दुकानातला ‘नो कॉस्ट ईएमआय’ पाहू. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. क्रेडिट कार्डावर ३०,००० च्या फोनचे ५,००० चे सहा हप्ते पडतात, तेव्हा १५ टक्के दराने बँकेचं कर्ज असतं सुमारे २८,७३० चं. मधले १,२७० रुपये विक्रेता किंवा कंपनी सूट म्हणून सोडते आणि बँक तेच व्याज म्हणून घेते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे २२९ रुपये, ग्राहकाच्या माथी. प्रक्रिया शुल्क असेल तर ते वेगळं. मग रोख पैसे देणाऱ्याने ‘ते १,२७० माझ्या बिलात कमी करा’ असं म्हणून पाहायला काय हरकत आहे? काही दुकानदार कमी करतातही.

(पुढील भागात : दागिन्यांच्या मजुरीवरची सूट आणि सोन्याचा भाव)