नानांच्या वाड्यातले रुमाल

आमच्या पाच जणांत एक यवतमाळच्या आरामशीनवाल्या घरातला. मेणवलीच्या वाड्यात शिरल्यावर आम्ही चौघे भिंतीवरची चित्रं बघत होतो, तर हा गडी खांबाला कवेत घेऊन उभा. “अबे, गाठ पाहा न एखादी! असा साग आता जोडमोह्याच्या जंगलातही नाही भेटत.” पुढच्या तासाभरात त्याने घनफुटाच्या हिशोबाने सगळा वाडा मोजून काढला.

एक रात्र आणि अर्धा दिवस गाडी हाकून आम्ही वाईला पोचलो होतो. तिथून तीनेक किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी मेणवली. वाडा आजही खाजगी मालमत्ता आहे. राखणदार दिंडीतून आत घेतो, आधी चपला काढायला सांगतो आणि मग स्वतःच्या चालीने दाखवतो. काही खोल्यांना कुलूप. ते बरंच आहे म्हणा, नाहीतर खांबांवर जोड्यांची नावं कोरली गेली असती.

1768 मध्ये औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी हे गाव नाना फडणविसांना दिलं. नाना तेव्हा सव्वीस वर्षांचे. पानिपतातून जीव घेऊन परतले होते, आई तिथेच हरवली होती. पुढे त्यांनी इथे माणसं वसवली, वाडा उभारला, चंद्रकोरीसारखा घाट बांधला आणि घाटावर विष्णूचं व मेणेश्वराचं अशी दोन देवळं. एकामागून एक सहा चौक. बाहेरच्या चौकात येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ, आतआत जाल तसा आवाज कमी होत जाणारा. जाड भिंती, वर कडीपाट, भिंतीच्या पोटातून माडीवर चढणारा अंधारा जिना. उन्हातून आलेल्या वैदर्भीय माणसाला पहिलं काय जाणवतं, तर गारवा.

श्रीमंती म्हटली की डोळ्यांपुढे झुंबरं येतात. इथे ती नाहीत. गणपती आहे, दशावतार आहेत, कृष्ण आहे. रंग बरेच उडालेले. नानांचा म्हणून एक पलंग दाखवतात. आमचा एक मित्र जरा हिरमुसला. ‘स्वदेस’चं चित्रीकरण इथे झालंय हे कळल्यावर मात्र त्याचा चेहरा खुलला आणि शाहरुख कुठे उभा होता याची चौकशी सुरू झाली.

मागच्या दाराने घाटावर उतरलं की देवळाशेजारी एका छोट्या घुमटीत मोठी पंचधातूची घंटा टांगलेली दिसते. तिच्यावर 1707 हा आकडा आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हाची ही लूट. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरची 1721 ची घंटाही त्याच घराण्यातली. चर्चमधली घंटा शंकराच्या दारात लटकते आहे आणि गावात कुणाला त्यात वावगं वाटत नाही, हे मला फार आवडलं.

पण या वाड्याचा खरा ऐवज लाकडात नव्हता, धातूतही नव्हता. नाना फडणीस होते, म्हणजे हिशेब आणि कागद हा त्यांचा धंदा. दिल्लीपासून श्रीरंगपट्टणपर्यंतची बातमीपत्रं त्यांच्याकडे यायची, आणि ती मेणवलीत रुमालात बांधून राहिली. 1800 साली नाना गेले. दुसऱ्या बाजीरावाने त्यांच्या मालमत्तेवर हात टाकला. मागे राहिलेली नानांची पत्नी जिऊबाई, वयाने अगदी पोर, लोहगडाच्या आसऱ्याला गेली. 1804 मध्ये जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीने ती पनवेलला पोचली. पेशवाई बुडाल्यावर तिला मेणवली परत मिळाली आणि 1854 पर्यंत, मरेपर्यंत, ती इथे नांदली. तिने दत्तक घेतला, वंश चालवला. नानांच्या मुत्सद्देगिरीवर ढीगभर लिहिलं गेलंय. घर धरून ठेवणाऱ्या या बाईवर दोन ओळी मिळायची मारामार. माझ्या मते वाडा तिचा.

ते रुमाल पुढे साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हाती लागले. पारसनीस 1926 साली वारले. त्यांचा संग्रह 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. उत्तर पेशवाईबद्दल आज जे ठामपणे बोलता येतं, त्यातलं बरंचसं या कागदांमुळे.

परतीच्या वाटेवर गाडीत विषय निघाला आमच्याकडच्या गढ्यांचा. वऱ्हाडात देशमुखांच्या गढ्या पांढऱ्या मातीच्या. पावसाळ्यात ढासळायच्या, उन्हाळ्यात लोक ती माती बैलगाडीने वावरात टाकायचे, कारण पांढरीची माती पिकाला मानवते. आमच्यातल्या एकाच्या आजोळची गढी अशीच कपाशीत गेली. “माती गेली त्याचं काही नाही राज्या,” तो म्हणाला, “वरच्या माळ्यावर लोखंडी पेटी होती. मोडीचे कागद. मामानं पाटीभर कागद बंबात जाळले.” आरामशीनवाला त्यावर काही बोलला नाही. सकाळपासून पहिल्यांदाच.

तेव्हा यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, कुठेही तुमच्या घरी अशी पेटी असेल तर ती रद्दीवाल्याला देऊ नका. कागद सावलीत वाळवा, कोरड्या सुती फडक्यात बांधा आणि मोडी वाचणारा माणूस शोधा.