दाढेत दडलेली नलिका

दाढेवर रूट कॅनॉल उपचार झाले, वर टोपीही बसली; तरीही चावताना ठणका लागतो किंवा काही महिन्यांनी हिरडीवर पुळी येते. अशा वेळी उपचारांत हलगर्जी झाली, असा रुग्णाचा समज होतो. कारण मात्र दाढेच्या रचनेतही असू शकते. मुळातील एखादी नलिका सापडलेलीच नसेल, तर तिच्यातील जंतुसंसर्ग तसाच राहतो.

वरच्या पहिल्या दाढेला बहुधा तीन मुळे असतात. परंतु नलिकाही तीनच, असे गृहीत धरता येत नाही. गालाकडील पुढच्या मुळात बहुतेकांना दुसरी नलिका असते. ती अरुंद असून तिचे तोंड अनेकदा डेंटिनच्या थराखाली झाकलेले असते. खालच्या पहिल्या दाढेला सहसा दोन मुळे असली, तरी काहींना जिभेच्या बाजूस तिसरे मूळ असते. खालच्या दुसऱ्या दाढेत कधी नलिका एकमेकींना मिळून अर्धचंद्राकृती फट तयार होते. स्वित्झर्लंडचे वॉल्टर हेस यांनी काढलेल्या दातांच्या नलिकांत रबर भरून ही गुंतागुंत दाखवून दिली. त्यांचा ग्रंथ १९२५ साली इंग्रजीत आला.

नेहमीचा एक्स-रे ही दाढेची सपाट सावली असते. त्यामुळे एकामागे एक असलेल्या दोन नलिका एकच भासतात. यावर साधा उपाय म्हणजे यंत्राची नळी थोडी बाजूला सरकवून दुसरे चित्र घेणे. त्यात जिभेकडील मूळ नळीच्या दिशेने सरकलेले दिसते, तर गालाकडील मूळ उलट दिशेने.

एवढ्याने उलगडा न झाल्यास कोन-बीम सीटी उपयोगी पडते. तीत दाढेचे तिन्ही दिशांनी पातळ छेद पाहता येतात. मात्र तिचा किरणोत्सर्ग लहान एक्स-रेपेक्षा अधिक असतो. त्यामुळे ती सरसकट न करता, गुंतागुंतीच्या दाढेपुरती आणि शक्य तितक्या लहान भागाची करावी, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. धातूची टोपी असल्यास चित्रात रेघोट्याही उमटतात.

रुग्णांनी जुने एक्स-रे जपून ठेवावेत आणि गर्भारपणाची शक्यता असल्यास आधीच सांगावे. पुन्हा दुखू लागल्यास दाढ काढण्याची घाई करू नये. मुळाला तडा गेला नसेल, तर राहिलेली नलिका शोधून, स्वच्छ करून भरल्यावर तीच दाढ अनेकदा वाचवता येते.