दाबून बसविलेला स्टड

मुळा नदीचे पाणी मुळशीच्या धरणात अडवून आणि बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील भिरा येथे नेऊन त्यावर 1927 सालापासून वीज निर्माण होत आहे, आणि त्या जलाशयाखाली गेलेल्या जमिनींसाठी 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे सत्याग्रहाला उभे राहिले, या दोन्ही गोष्टी इतिहासाच्या दफ्तरात ठळकपणे नोंदल्या गेल्या आहेत. धरणाच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या पत्र्याच्या छपराखाली बसून शेताला पाणी चढविणाऱ्या डिझेल इंजिनाची मात्र कोणी दखल घेतलेली नाही. आणि त्या इंजिनाचे हेड उघडणाऱ्या मेस्त्रीची तर नाहीच नाही.

1946 साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या खडकीच्या कारखान्यातून निघालेले एव्ही-वन हे यंत्र या जातीचा उत्तम नमुना होय: 80 मिलिमीटर व्यासाचा एकच सिलिंडर, 110 मिलिमीटरांची धाव, मिनिटाला 1500 फेरे आणि पाच अश्वशक्ती. भाताच्या या मुलखात आषाढ-श्रावणात पाणी उपसण्याचे प्रयोजनच उरत नाही, त्यामुळे इंजिन महिनोन्‌महिने दमट हवेत स्वस्थ पडून राहते. आणि यंत्राला श्रमापेक्षा विश्रांतीच अधिक बाधते. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून हेडातला स्टड, म्हणजे नट चढविण्यासाठी भोकात रोवलेली सळई, आणि त्याचे भोक यांमधल्या केसभर फटीत तो शिरला की त्या दोघांना असा घट्ट आवळून धरतो की पुढे पाना आणि हातोडा दोन्ही हतबल होतात.

स्टड दोन प्रकारांनी बसविलेले असतात, आणि पौड रस्त्यावरील जाणता मेस्त्री हत्याराला हात घालण्यापूर्वी हाच तपशील पारखून घेतो. बहुतेक स्टड आट्यांचे असतात. त्यांवर दोन नट एकमेकांवर आवळून खालचा नट फिरविला की ते उलटे फिरून निघतात. काहींना मात्र भोकाच्या बाजूने आटेच नसतात. भोकापेक्षा किंचित जाड घडवून ते दाबून बसविलेले असतात. 1955 साली अमेरिकेत निघालेल्या शेव्हरोलेच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनात रॉकरचे स्टड याच रीतीने बसविलेले होते. अशा स्टडला पिळण्यात अर्थ नाही. तो फिरला तरी वर येत नाही, आणि फिरविणाऱ्याचा आवेश वाढत गेला तर मधूनच तुटतो. माझ्या मते या कामातील निम्मे नुकसान गंजामुळे नव्हे, तर या उतावीळपणामुळे होते.

त्याला सरळ वर ओढावे लागते, आणि तजवीज मोठी साधी आहे. स्टडवर नळीचा जाड तुकडा ओवावा, त्यावर जाड वॉशर ठेवून ग्रीस लावावे आणि वर नट चढवून आवळीत जावे. नट खाली येऊ पाहतो, नळी त्याला येऊ देत नाही, आणि त्या दोघांच्या कलहात स्टड वर खेचला जातो. दहा मिलिमीटरच्या आट्यांवर साधारण 4 किलोग्रॅम-मीटर पीळ दिला की दोन टनांच्या आसपास ओढ निर्माण होते, म्हणजे शेतकऱ्याच्या दोन बैलांना जे साधणार नाही ते एका हाताने साधते. तरीही स्टड हलला नाही तर जोर वाढवू नये. आदल्या रात्री भेदक तेल सोडून ठेवणे आणि सकाळी पंच ठेवून हलके ठोके देणे, एवढ्यानेच पुष्कळदा गंजाची पकड सुटते.

उष्णतेचा उपाय सर्वांना ठाऊक असतो, पण त्याचे मर्म थोड्यांनाच. तापविल्याने भोक आकुंचन पावते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते मोठे होते. हेड अॅल्युमिनियमचे असेल तर ते पोलादाच्या दुपटीच्या सुमाराने प्रसरण पावते, म्हणून 100 अंशांच्या तापमानवाढीत दहा मिलिमीटरच्या भोकात स्टडच्या मानाने मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढी सैल पडते. ऐकायला क्षुल्लक, परंतु दाबाची बैठक अशाच हिश्शांवर उभी असते. बिडाच्या हेडाला हा लाभ फारसा मिळत नाही, कारण बीड आणि पोलाद जवळजवळ सारखेच फुगतात. तेथे हेडाचा भोवतालचा भाग तापवून स्टडला ज्योतीपासून दूर ठेवावे लागते. आणि बीड एकाएकी थंड केल्यास तडकते, हे भान सोडून चालत नाही.

डोके तुटून स्टड आतच राहिला, तर प्रकरण गंभीर होते. तुटलेल्या टोकावर नट ठेवून त्याच्या पोटातून वेल्डिंग भरणे हा हमखास डाव; वेल्डिंगच्या तापाने गंज फुटतो आणि स्टडला पकडायला नवे डोके मिळते. तोही फसला, तर बरोबर मध्यबिंदूवर पंच मारून लहान ड्रिलपासून मोठ्याकडे जावे लागते. येथे हात किंचितही कलला तर ड्रिल मऊ अॅल्युमिनियमकडे ओढला जातो आणि भोक वाकडे होते. शहाणे लोक हे काम हातात न घेता पिरंगुटच्या एखाद्या मशीनशॉपमध्ये हेड धाडून देतात, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

जुने भोक सैल झालेले असेल, तर रिमरने ते साफ करून किंचित जाड स्टड दाबावा, किंवा सरळ आटे पाडून आट्यांचा स्टड बसवावा. मालक मात्र बहुधा तिसरीच वाट सुचवितो: जुनाच स्टड घासून पुसून परत ठोका. एवढ्या एका बाबतीत पौडचा मेस्त्री ऐकत नाही.