घराची दुरुस्ती : आधी वही, मग हातोडा

'घर पाहावे बांधून' म्हणतात. मी म्हणेन, दुरुस्त करून पाहावे! गेल्या वर्षी आम्ही स्वयंपाकघराचा ओटा बदलायला काढला. ८० हजारांत भागेल, असा अंदाज. पण जुन्या फरशा उखडल्या आणि भिंतीतला पाइप गंजून गळत असलेला निघाला! शेवटी मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडली.

मैत्रिणींनो, म्हणून आधी दोन याद्या करा : गरजेची आणि हौसेची. गळती, पाइप, वायरिंग पहिलीत. शोभेचे छत दुसरीत. पैसे कमी पडले, तर काट हौसेवर मारायची.

फरशांचा हिशेब सोपा आहे. दहा बाय दहाच्या खोलीला दोन बाय दोनच्या २५ फरशा लागतात. कापाकापी, तुटफूट धरून २८ घ्या. पुढे तीच छटा मिळेलच असे नाही.

कंत्राटदाराकडून अंदाज लेखीच घ्या. माल कोणाचा, राडारोडा कोण उचलणार, जीएसटी धरलाय का, सगळे विचारा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या; शेवटचा दहावा हिस्सा काम तपासूनच. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग झाल्यावर २४ तास पाणी साठवून खालच्या छताला ओल येत नाही ना, हे बघा, मगच फरशी.

आणि अंदाजाच्या वर १५ टक्के रक्कम वेगळी काढा. आम्ही ती काढली नव्हती. मोडलेली ठेव आता महिन्याला थोडे थोडे साठवून भरून काढतेय. तुमच्यावर ती पाळी येऊ नये, म्हणून हा खटाटोप!