झाकण हे माप नव्हे

पैनगंगेच्या काठच्या बेला-जैनथकडे घरची विहीर असो, आदिलाबाद शहरातल्या गच्चीवरची टाकी असो, की कुणी हौसेनं शेतावर बांधलेला पोहण्याचा हौद असो. पाणी निर्जंतुक ठेवायला शेवटी लागतं ते क्लोरीनच. पूर्वी ब्लिचिंग पावडर असायची, आता पातळ क्लोरीन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, कॅनमध्ये मिळतं. औषध चांगलं आहे आणि स्वस्तही. घोळ होतो तो मापात. कमी पडलं तर जंतू तसेच राहतात. जास्त पडलं तर घरातली माणसं त्या पाण्याला नाक मुरडतात आणि न शुद्ध केलेलं दुसरं पाणी आणून पितात. हा दुसरा धोका मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो.

‘एक झाकण मारलं का झालं.’ हा सगळ्यात पक्का गैरसमज. झाकण कोणत्या बाटलीचं, हे कुणी विचारत नाही. आणि पाणी किती, हे तर मुळीच नाही. 3 मीटर व्यासाची विहीर घ्या. व्यासाचा वर्ग गुणिले 0.785 केलं की तळाचं क्षेत्रफळ येतं, सुमारे 7 चौरस मीटर. म्हणजे पाण्याच्या दर मीटर खोलीला सुमारे 7,000 लिटर पाणी. मे महिन्यात तळाशी दीड मीटर पाणी उरलं असेल, तर ते साडेदहा हजार लिटर. ऑगस्टमध्ये तीच विहीर सहा मीटर भरली, की 42,000 लिटर. विहीर तीच, झाकण तेच, पाणी मात्र चौपट. म्हणून दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडायचा आणि दोरी किती भिजली ते टेपनं मोजायचं. पावसाळ्यात हे दर वेळी करावं लागतं, एकदाच करून वहीत लिहून भागत नाही.

पुढचा हिशेब सोपा आहे. 10 टक्के ताकदीचं द्रावण 1,000 लिटर पाण्यात 10 मिलिलिटर टाकलं, की दर लिटरला 1 मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं. 5 टक्क्यांचं असेल तर 20 मिलिलिटर. वरच्या विहिरीला मे महिन्यात 105 मिलिलिटर पुरतात, ऑगस्टमध्ये 420 लागतात. आणि पावसाळ्यातलं गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, त्यामुळे तेवढ्यानंही भागेल असं नाही. इथून सुरुवात करायची, तासाभरानं तपासायचं आणि लिटरला 0.5 मिलिग्रॅम उरलं नसेल तर थोडं वाढवायचं. पिण्याच्या विहिरीत टाकायचं द्रावण पिण्याच्या पाण्यासाठीचंच हवं. कपडे धुण्याचं सुवासिक ब्लीच चालत नाही. टाकायची वेळ रात्रीची, पाणी भरून झाल्यावर.

हौदाचा हिशेबही तसाच, फक्त तिथे लोक सगळीकडे खोल बाजूचीच खोली धरतात. 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, एका टोकाला 1 मीटर आणि दुसऱ्या टोकाला 1.6 मीटर खोल असा हौद घेतला, तर तळाला सारखा उतार असताना सरासरी खोली 1.3 मीटर येते. पाणी झालं 41,600 लिटर. 1.6 धरून मोजलं तर 51,200 येतात, म्हणजे दर वेळी गरजेपेक्षा जवळजवळ पाव हिस्सा औषध जास्त.

‘कॅनवर 10 टक्के लिहिलंय ना?’ लिहिलेलं असतं ते भरल्या दिवशीचं. पातळ क्लोरीन उन्हानं आणि उजेडानं मरतं. 25 अंश तापमानात 10 टक्क्यांच्या द्रावणाची ताकद निम्मी व्हायला सुमारे सात महिने लागतात. तापमान चढेल तशी ही मुदत झपाट्यानं घटते. आदिलाबादचा मे महिना आणि वर टिनाचं छप्पर, अशा जागी ठेवलेल्या कॅनमधलं 10 मिलिलिटर म्हणजे नेमकं किती क्लोरीन, ते लेबल पाहून कळणार नाही. लहान कॅन घ्या, तारीख पाहून घ्या, घरातल्या सगळ्यात गार आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. आणखी एक: हा माल पुष्कळदा किलोवर विकला जातो. किलो म्हणजे लिटर नव्हे. तीव्र द्रावण पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे किलोभर माल लिटरभर भरत नाही.

‘फवारणीचं माप आहे की घरात.’ हा कापसाचा जिल्हा आहे. घरोघरी कीटकनाशकाच्या बाटलीबरोबर आलेली मापं पडलेली असतात, त्यांवर मिलिलिटरच्या रेघाही ठळक असतात. पण ते माप कितीही विसळलं तरी विहिरीजवळ न्यायचं नाही. औषधाचा अंश प्लॅस्टिकला चिकटून राहतो, आणि ते पाणी लेकरं पिणार असतात. क्लोरीनसाठी वेगळा प्लॅस्टिकचा मापजार ठेवा, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘क्लोरीन’ लिहा आणि तो स्वयंपाकघरातही येऊ देऊ नका. मोजताना जार सपाट जागी ठेवून डोळा रेघेच्या उंचीवर आणायचा. द्रावणाचा पृष्ठभाग मध्ये किंचित खोलगट दिसतो, त्या खोलगटाच्या तळाशी येणारा आकडा खरा.

रोजचं मोजणं जमणारच नसेल, तर नागपूरच्या नीरी या संस्थेनं लहान घरगुती विहिरींसाठी काढलेली दुहेरी मडक्याची पद्धत आहे. एकात एक बसणारी, भोकं पाडलेली दोन मडकी. आतल्यात 1 किलो ब्लिचिंग पावडर आणि 2 किलो जाड वाळू. ती पाण्यात मीटरभर खाली टांगतात. सुमारे 4,500 लिटर पाण्याच्या विहिरीला दोन-तीन आठवडे क्लोरीन हळूहळू मिळत राहतं.

‘हौदाला वास येतो, म्हणजे क्लोरीन जास्त झालं.’ बहुतेक वेळा उलटं असतं. घाम आणि लघवीतल्या नत्राशी क्लोरीन बांधलं जाऊन क्लोरामाइन तयार होतात. डोळे चुरचुरतात आणि नाकात शिरतो तो वास त्यांचा. मोकळं क्लोरीन अपुरं पडल्याची ती खूण असते. हौदात औषध संध्याकाळी टाकावं, कारण उघड्या पाण्यातलं क्लोरीन भर उन्हात दोन तासांत बहुतांश उडून जातं.

‘हौदात ॲसिड आणि क्लोरीन एकदमच ओतलं तर काम उरकतं.’ हे कधीही करू नका. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुस जाळतो. दोन्हींची मापं वेगळी, बादल्या वेगळ्या, ठेवायच्या जागाही वेगळ्या. ॲसिड पातळ करताना ते पाण्यात ओतायचं. पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

राहिली तपासणी. क्लोरीन तपासायच्या डीपीडी गोळीनं पाणी गुलाबी झालं की क्लोरीन आहे, हे खरं. रंग आला नाही म्हणजे क्लोरीन नाही, हे मात्र नेहमीच खरं नसतं. क्लोरीन फार जास्त असेल तर ते गोळीचा रंगच उडवून टाकतं, पाणी बिनरंगी दिसतं आणि माणूस घाबरून आणखी कॅन ओततो. अशी शंका आली तर हौदाचं एक माप पाणी, क्लोरीन नसलेलं नऊ मापं स्वच्छ पाणी, असं मिसळून पुन्हा तपासा. आता गुलाबी रंग आला, तर दिसेल त्या आकड्याला दहानं गुणा आणि तो खाली येईपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका.