हुंकार आणि पडदा : बालसाहित्याविषयी एक टिपण

बालसाहित्याचा विचार करताना पुस्तक व पडदा यांना परस्परांचे वैरी मानण्याचा प्रघात पडला आहे. सांगली जिल्ह्यातील एक उदाहरण तपासले असता ही मांडणी अपुरी असल्याचे दिसून येईल.

माधवनगरच्या उत्तरेस, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक उपक्रम आरंभिला. रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजे आणि घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद होत. साडेआठला पुन्हा भोंगा वाजे. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरली होती. शाळा उघडल्यावरही तो मुलांच्या हातून सुटेना, हे या उपक्रमाचे कारण. दीड तास मोकळा झाला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्यामागील हेतू मुख्यतः अभ्यासाचा होता. क्रमिक पुस्तकाने भरलेली वेळ ही साहित्याची वेळ नव्हे, हा भेद आपण शिक्षकमंडळी फार सहज विसरतो.

साहित्याच्या दृष्टीने खरा बदल अन्यत्र आहे. घरात आजी गोष्ट सांगे तेव्हा ऐकणाऱ्याने 'हं' म्हणावयाचे असे. हा हुंकार थांबला की मूल झोपले असे समजून ती थांबे; 'मग राक्षस कुठे गेला?' असे मुलाने विचारले की कथानक वळण घेई. म्हणजे ऐकणारे मूल हे रचनेतील भागीदारच होते. छापील पुस्तकाने ही भागीदारी कमी केली खरी. तरी प्रसंग मनात रंगविण्याचे काम आणि पान उलटण्याचा वेग तिने मुलाकडेच राहू दिला. मोबाइलवरील चित्रफितीत दोन्ही गेले. एक गोष्ट संपताच न मागता दुसरी सुरू होते. तिला हुंकाराची गरजच उरलेली नाही.

तथापि सारा दोष पडद्यावर टाकून मोकळे होता येत नाही. बालभारती १९७१ पासून प्रसिद्ध करीत असलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आज महाजालावर विनामूल्य वाचता येतात. ज्या खेड्यात ग्रंथालय नाही तेथील मुलाला हा ठेवा मिळण्याचा मार्ग बहुधा मोबाइलच. आणि वडगावात सात वाजता तोही बंद होई. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे २०१७ साली 'पुस्तकांचे गाव' आकारास आले, घराघरांतून पुस्तके मांडली गेली व बालसाहित्यासही जागा मिळाली. पण तेथील वाचक पुष्कळदा पाहुणा असतो.

आमच्या विद्यार्थ्यांनी अशा गावांत घरोघर जाऊन नोंद घ्यावयाची ती निराळीच आहे : मोकळ्या झालेल्या वेळेत कोणत्या घरी गोष्ट सांगितली गेली, कोणते पुस्तक मोठ्याने वाचले गेले, आणि मुलाने मध्येच काय विचारले. पडद्यासमोरचे तास मोजून हे हाती येणार नाही.